आचार्य हेमचंद्र

हत्तीच्या पाठीवर अंबारी, अंबारीवर पांढरेशुभ्र छत्र, दोन्ही बाजूंस चवऱ्या ढाळणारे सेवक आणि मागेपुढे लोकांची दाटी. अशी मिरवणूक निघाली म्हणजे ती एखाद्या राजाची किंवा रणांगणावर जय मिळवून आलेल्या सेनापतीची असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु सुमारे नऊशे वर्षांपूर्वी गुजरातची राजधानी पाटण येथे एक निराळीच मिरवणूक निघाल्याचे जुने चरित्रकार सांगतात. तिच्यातील हत्तीवर राजा नव्हता आणि सेनापतीही नव्हता. तेथे एक ग्रंथ ठेवलेला होता आणि तो ग्रंथ व्याकरणाचा होता. ज्याने तो लिहिला, तो पुरुष मात्र जन्मभर अनवाणी पायांनीच चालला. कारण तो एक जैन मुनी होता. त्याचे नाव हेमचंद्र.

गुजरातेत धंधुका नावाचे एक गाव आहे. तेथे चाचिग नावाचा मोढ वाणी राहत असे. त्याच्या पत्नीचे नाव पाहिणी. इ. स. १०८८ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेच्या दिवशी, या दांपत्याला पुत्र झाला. त्यांनी त्याचे नाव चांगदेव ठेवले. महाराष्ट्रातील मुलांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. ज्ञानेश्वरांना भेटावयास आलेल्या योग्याचेही हेच नाव. पण हा चांगदेव त्याच्या कितीतरी आधीचा.

पाहिणी मोठी श्रद्धाळू स्त्री होती. एके दिवशी ती लहानग्या चांगदेवाला घेऊन मंदिरात गेली. तेथे देवचंद्रसूरी नावाचे जैन आचार्य आलेले होते. आई देवदर्शनात गुंतली असता चांगदेव आचार्यांच्या रिकाम्या आसनावर जाऊन बसला. इतर मुले अशा वेळी भ्याली किंवा खिदळली असती. हा मुलगा मात्र शांतपणे बसून राहिला. त्याच्या मुद्रेवरील तेज आचार्यांच्या नजरेतून सुटले नाही. या मुलाला विद्या शिकवावी व पुढे मुनी करावे, अशी इच्छा त्यांनी पाहिणीजवळ प्रकट केली. चाचिग त्या वेळी गावाला गेला होता. एकुलते लेकरू दूर करणे कोणत्या आईला सोपे वाटेल? पाहिणीने पुष्कळ विचार केला आणि अखेर जड अंतःकरणाने मुलाला गुरूंच्या स्वाधीन केले.

चाचिग परत आला. घरात मुलगा दिसेना, तेव्हा त्याच्या संतापाला व दुःखाला पारावार उरला नाही. तो तसाच मुलाच्या शोधार्थ निघाला. उदयन नावाच्या थोर मंत्र्याने त्याला आपल्या घरी नेले, त्याचा आदरसत्कार केला आणि मुलाला त्याच्या मांडीवर बसवले. मुलाच्या बदल्यात मंत्र्याने विपुल द्रव्य देऊ केले; परंतु त्या मानी पित्याने एका कवडीलाही हात लावला नाही. मुलाला विकणे त्याला शक्य नव्हते. मुलाचे कल्याण होणार असेल तर त्याला दान म्हणून देणे मात्र शक्य होते, आणि त्याने तेच केले. ही कथा परंपरेने चालत आलेली आहे. पुढे ज्या पुरुषाचा राजेलोकांनी बहुमान केला, त्याच्या मोठेपणाच्या मुळाशी साध्या आईबापांचा केवढा त्याग होता, हे तिच्यावरून कळते.

खंभात या बंदराच्या शहरी चांगदेवाला दीक्षा देण्यात आली व त्याचे नाव सोमचंद्र ठेवण्यात आले. त्यानंतर अध्ययनास आरंभ झाला. त्या काळी छापील पुस्तके नव्हती. ताडपत्रावर हाताने लिहिलेल्या पोथ्या असत आणि त्याही मोजक्या. म्हणून जे शिकायचे ते तोंडपाठ करावे लागे. सोमचंद्राने व्याकरण, तर्क, काव्य, छंद, कोश अशी एकेक विद्या आत्मसात केली. मुनीचे कठोर नियम पाळून, पायी प्रवास करीत, मिळेल ती भिक्षा ग्रहण करून त्याचा हा अभ्यास चालला होता. इ. स. १११० मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याला आचार्यपद मिळाले. त्या प्रसंगी त्याचे नाव हेमचंद्र झाले. पुढे पाहिणीनेही साध्वी होऊन मुलाचाच मार्ग स्वीकारला.

त्या वेळी पाटणच्या गादीवर चौलुक्य वंशातील सिद्धराज जयसिंह हा राजा होता. तो शूर व महत्त्वाकांक्षी होता. त्याचप्रमाणे विद्येचाही चाहता होता. तो स्वतः शिवभक्त, पण त्याच्या सभेत निरनिराळ्या पंथांच्या पंडितांना सारखाच मान मिळे. हेमचंद्रांची विद्वत्ता पाहून राजाने त्यांना आपल्या सभेत येण्याची विनंती केली.

इ. स. ११३६ च्या सुमारास सिद्धराजाने माळव्यावर विजय मिळवला. धारानगरीतील संपत्तीबरोबर तेथील ग्रंथभांडारही पाटणला आले. माळव्याचा पूर्वीचा राजा भोज हा मोठा विद्वान म्हणून प्रसिद्ध होता. पोथ्या पाहत असता एक ग्रंथ सिद्धराजाच्या हाती पडला. चौकशी केली तेव्हा तो भोजराजाने रचलेला व्याकरणग्रंथ असल्याचे कळले. राजा विचारात पडला. आपण माळवा जिंकला खरा. पण आपल्या राज्यातील मुलांना मात्र दुसऱ्यांच्याच ग्रंथांवरून भाषा शिकावी लागते. भूमी जिंकली, तरी विद्येच्या बाबतीत आपण मागेच राहिलो, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. सभेत बसलेल्या पंडितांकडे त्याने पाहिले. सर्वांच्या नजरा हेमचंद्रांकडे वळल्या.

हेमचंद्रांनी हे काम स्वीकारले. परंतु त्यांनी घाई केली नाही. आधी होऊन गेलेल्या विद्वानांनी काय लिहिले आहे, हे पाहिल्यावाचून नवे लिहावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. काश्मीर हे त्या काळी विद्येचे माहेरघर समजले जाई. तेथून आठ जुनी व्याकरणे मागवावीत, असे त्यांनी राजाला सुचवले. राजाने माणसे धाडली. डोंगर, नद्या व अरण्ये ओलांडून त्या पोथ्या पाटणला आल्या. हेमचंद्रांनी त्या सर्वांचे परिशीलन केले, त्यांतील गुणदोष पारखले आणि मग स्वतःचा ग्रंथ रचला. राजाचे व आपले नाव एकत्र गुंफून त्यांनी त्याला सिद्धहेम हे नाव दिले. नुसती सूत्रे सांगून ते थांबले नाहीत. त्या सूत्रांचे विवरण, धातूंची यादी, शब्दांच्या लिंगांचे नियम, अशी सर्व अंगे त्यांनी स्वतःच पुरी केली. विद्यार्थ्याला दुसरीकडे कोठे पाहण्याची गरज उरू नये, अशी त्यांची दृष्टी होती.

याच ग्रंथाची ती मिरवणूक. पण मिरवणुकीने ग्रंथ वाचला जात नाही, हे राजाला ठाऊक होते. त्याने तीनशे लेखकांना ग्रंथाच्या प्रती लिहावयास बसवले, असे चरित्रकार सांगतात. त्या प्रती देशोदेशी पाठवण्यात आल्या. ज्या प्रदेशांकडे त्या गेल्या, त्यांच्या यादीत कोकण व महाराष्ट्र यांचीही नावे येतात. पाटणला काकल नावाच्या विद्वानाची हे व्याकरण शिकवण्यासाठी नेमणूक झाली व परीक्षेत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना राजाकडून पारितोषिके मिळू लागली.

सिद्धहेम व्याकरणाचे आठ अध्याय आहेत. पहिल्या सात अध्यायांत संस्कृत भाषेचे नियम आहेत. त्या काळच्या पंडितांना एवढ्यावर समाधान वाटले असते. कारण विद्वानांची भाषा ती संस्कृतच, अशी समजूत दृढ होती. हेमचंद्रांनी मात्र आठवा अध्याय लिहिला आणि तो लोकांच्या भाषांसाठी राखून ठेवला. त्यात १,११९ सूत्रे आहेत. प्रारंभी ज्या प्राकृत भाषेचे विवेचन आहे, ती महाराष्ट्री या नावाने प्रसिद्ध असलेली प्राकृत होय. आपल्या मराठीचे मूळ शोधणाऱ्यांना तिच्याकडेच वळावे लागते.

शब्द कसे बदलत जातात, याचे नियम हेमचंद्रांनी तेथे बारकाईने मांडले आहेत. संस्कृतातील हस्त हा शब्द घ्या. प्राकृतात त्याचा हत्थ झाला. पुढे मराठीत तो हात झाला, गुजरातीत हाथ झाला. कर्णाचा कण्ण झाला आणि कण्णाचा कान. दुग्धाचे दुद्ध झाले आणि दुद्धाचे दूध. नदीच्या पाण्यात घासून गोटा गुळगुळीत व्हावा, त्याप्रमाणे हजारो लोकांच्या बोलण्यात शब्दांचे कंगोरे झिजतात. हे झिजणे अव्यवस्थित नसते; त्यालाही नियम असतात. लोक अशुद्ध बोलतात, असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ होते. त्या बोलण्यातील नियम शोधून दाखवणारे थोडे.

आठव्या अध्यायाच्या शेवटी सुमारे १२० सूत्रे अपभ्रंश या भाषेविषयी आहेत. प्राकृतानंतर व आजच्या गुजराती, हिंदी, राजस्थानी वगैरे भाषांच्या आधी ही भाषा प्रचारात होती. तिचे नियम स्पष्ट करण्यासाठी हेमचंद्रांनी लोकांमध्ये प्रचलित असलेले दोहे उदाहरणादाखल घेतले. असे दीडशेहून अधिक दोहे त्या अध्यायात आहेत. कोणात वीरपत्नीचा अभिमान आहे, कोणात विरहाचे दुःख आहे, तर कोणात शहाणपणाचा उपदेश आहे. त्यांतील बहुतेकांचे कर्ते कोण, हे आज सांगता येत नाही. व्याकरणाच्या सूत्रांना उदाहरणे म्हणून ते दोहे लिहिले गेले, म्हणूनच त्यांतील कितीतरी आपल्यापर्यंत पोहोचले. नाही तर गाणाऱ्यांच्या कंठाबरोबर तेही लोपून गेले असते.

तथापि, एक अडचण उरलीच होती. हस्तापासून हात कसा आला, हे नियमाने सांगता येते. पण पोट हा शब्द कोठून आला? संस्कृतात पोटाला उदर म्हणतात. उदर या शब्दाला कोणताही नियम लावला तरी त्याचे पोट होत नाही. लोकांच्या तोंडी असे शब्द विपुल होते. पंडितांच्या कोशांत त्यांना जागा नव्हती आणि व्याकरणाच्या नियमांत ते बसत नव्हते. अशा शब्दांना देशी शब्द म्हणत. आपल्या पूर्वीच्या विद्वानांनी केलेले देशी शब्दांचे संग्रह हेमचंद्रांनी मिळवले, तेव्हा त्यांत एकवाक्यता दिसेना. एकाच शब्दाचा अर्थ कोणी एक देई, तर कोणी दुसरा. लेखनिकांच्या चुकांमुळे काही शब्दांची रूपेही बिघडली होती. आणखी काही काळ गेला असता, तर या शब्दांचे खरे रूप व खरा अर्थ सांगणारा कोणीही उरला नसता.

हे ओळखून हेमचंद्रांनी देशीनाममाला हा कोश रचला. त्याचे आठ वर्ग असून ७८३ गाथांत जवळजवळ चार हजार शब्द आले आहेत. शब्दांची मांडणी आद्याक्षरांच्या क्रमाने व त्यातही अक्षरांच्या संख्येप्रमाणे केलेली आहे. त्यामुळे शब्द शोधणे सोपे जाते. जेथे जुन्या कोशकारांत मतभेद होता, तेथे त्यांची मते देऊन कोणते ग्राह्य व कोणते त्याज्य, हे हेमचंद्रांनी सांगितले. शब्द लक्षात राहावेत म्हणून ते गुंफून त्यांनी नव्या गाथाही रचल्या. प्रत्येक प्रांतातील प्रत्येक शब्द गोळा करू म्हटले तर देवगुरू बृहस्पतीलाही हजारो युगे पुरणार नाहीत, हे ते जाणून होते. म्हणून पूर्वापार चालत आलेलेच शब्द त्यांनी निवडले. त्यांनी देशी म्हणून सांगितलेल्या काही शब्दांचे मूळ संस्कृतात सापडते, तर काही शब्द दक्षिणेकडील भाषांशी जुळतात, असे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. परंतु हा शोध घेता आला, तो हेमचंद्रांनी ते शब्द जपून ठेवले म्हणूनच.

या कोशाची पाने मराठी माणसाने उघडली, तर त्याला ओळखीची माणसे भेटल्यासारखे वाटेल. तेथे पोट्ट आहे, तेच आपले पोट. चिक्खल्ल आहे, तोच आपला चिखल. डुंगर म्हणजे डोंगर आणि कोल्हुअ म्हणजे कोल्हा. झाड हा शब्द तर जवळजवळ आहे तसाच आहे. मात्र तेथे त्याचा अर्थ वेलींची दाट जाळी असा दिला आहे. ताकासाठी छासी हा शब्द आहे. गुजरातेत आजही ताकाला छाश म्हणतात. शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या आणि घुसळण करणाऱ्या बाईच्या तोंडचे हे शब्द राजसभेतील एका थोर पंडिताने ताडपत्रावर आदराने लिहून ठेवले.

इ. स. ११४३ मध्ये सिद्धराजाचा अंत झाला. त्याला पुत्र नव्हता. गादीवर कुमारपाल आला. या कुमारपालाचे पूर्वायुष्य मोठे संकटात गेले होते. सिद्धराजाची त्याच्यावर अवकृपा होती आणि राजाच्या शिपायांना चुकवत त्याला रानोमाळ हिंडावे लागले होते. एकदा तो हेमचंद्रांच्या आश्रयाला आला. शिपाई पाठीवर होतेच. राजाचा रोष होईल, याची हेमचंद्रांनी पर्वा केली नाही. त्यांनी कुमारपालाला ताडपत्रांच्या ढिगाखाली लपवले व त्याचे प्राण वाचवले, अशी आख्यायिका आहे.

राजा झाल्यावर कुमारपालाने हेमचंद्रांना गुरू मानले. त्यांच्या उपदेशाने त्याने आपल्या राज्यात प्राण्यांच्या हत्येला बंदी केली. त्या काळी आणखी एक निर्दय चाल होती. एखादा मनुष्य निपुत्रिक मरण पावला, तर त्याची सारी मालमत्ता सरकारजमा होई आणि त्याची विधवा रडत उघड्यावर पडे. या मार्गाने राजाच्या खजिन्यात बरेच धन येत असे. कुमारपालाने त्या धनावर पाणी सोडले व ती चाल बंद केली. गुरूच्या शिकवणुकीचा हा प्रत्यक्ष परिणाम होता. राजासाठी हेमचंद्रांनी योगशास्त्र हा ग्रंथ लिहिला. गृहस्थाने आपले आचरण कसे ठेवावे, हे त्यात सुबोधपणे सांगितले आहे.

हेमचंद्र आपल्या धर्माचे निष्ठावंत आचार्य होते. परंतु दुसऱ्याच्या धर्माचा त्यांनी कधी अनादर केला नाही. कुमारपालाच्या कारकिर्दीत, इ. स. ११६९ मध्ये, सोमनाथाचे मंदिर नव्याने बांधण्यात आले. राजाबरोबर हेमचंद्र सोमनाथाला गेले आणि तेथे त्यांनी शिवाची भक्तिभावाने स्तुती केली, असे जुने ग्रंथ सांगतात. ज्याचे राग व द्वेष गळून गेले आहेत तो कोणत्याही नावाने ओळखला जावो, तो वंदनीयच, असा त्या स्तुतीचा भाव होता.

त्यांची लेखणी वृद्धपणीही थांबली नाही. संस्कृत शब्दांचे कोश, काव्यशास्त्र आणि छंद यांवरील ग्रंथ, जैन परंपरेतील त्रेसष्ट महापुरुषांची चरित्रे सांगणारा विशाल ग्रंथ, अशी त्यांची ग्रंथसंपदा मोठी आहे. चौलुक्य राजांचा इतिहास सांगणारे त्यांचे द्व्याश्रय नावाचे काव्य तर मोठे नवलाचे आहे. त्यात राजांची कथा पुढे सरकते आणि त्याच वेळी व्याकरणाच्या नियमांची उदाहरणेही क्रमाने येत जातात. एका माणसाला इतके ज्ञान असावे, याचे लोकांना आश्चर्य वाटे. म्हणून त्यांनी हेमचंद्रांना कलिकालसर्वज्ञ ही पदवी दिली. इ. स. ११७३ च्या सुमारास, वयाच्या ८४ व्या वर्षी, अन्नत्याग करून त्यांनी शांतपणे देह ठेवला. त्यांच्यामागोमाग थोड्याच दिवसांत कुमारपालाचेही निधन झाले.

पुढे राज्ये आली व गेली. पाटणचे वैभव ओसरले. परंतु पाटण, खंभात, जैसलमेर येथील ग्रंथभांडारांत पोथ्या जतन होऊन राहिल्या. कसर व ओल यांपासून त्यांचे पिढ्यानुपिढ्या रक्षण करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे लक्ष त्यांकडे गेले. पिशेल या जर्मन पंडिताने हेमचंद्रांचे प्राकृत व्याकरण संपादित केले. त्यानेच संपादित केलेली देशीनाममाला १८८० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. ब्यूलर या दुसऱ्या जर्मन विद्वानाने १८८९ मध्ये हेमचंद्रांचे चरित्र लिहिले. महाराष्ट्रातील पंडित प. ल. वैद्य यांनी १९२८ मध्ये पुण्याहून प्राकृत व्याकरणाची आवृत्ती काढली. पाटण येथे १९३९ मध्ये हेमचंद्राचार्यांच्या नावाने ज्ञानमंदिर उघडले गेले आणि जुन्या पोथ्यांना तेथे सुरक्षित घर मिळाले.

सिद्धराजाने जिंकलेला माळवा त्याच्या वंशाकडे फार काळ राहिला नाही. ज्या हत्तीवरून ग्रंथाची मिरवणूक निघाली, तो हत्ती, ते छत्र आणि त्या चवऱ्या केव्हाच नाहीशा झाल्या. पण पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर पाय रुतला, की आपण आजही चिखल म्हणतो, भूक लागली की पोट म्हणतो आणि क्षितिजाकडे बोट दाखवून डोंगर म्हणतो. हे शब्द आपल्या आजीने तिच्या आजीकडून घेतले, तिने तिच्या आजीकडून. या लांबच्या लांब वाटेवर एका वळणावर, पाटणच्या उपाश्रयात, एक मुनी ताडपत्र समोर घेऊन बसलेला आहे आणि तेच शब्द काळजीपूर्वक उतरवून घेत आहे. आपल्या घरातले, शेतातले, बाजारातले शब्द उच्चारताना त्याची आठवण ठेवावी. ज्या शब्दांना एवढ्या मोठ्या पंडिताने हलके मानले नाही, त्यांना आपणही हलके मानू नये.